वारसा आणि दाह

आपल्या भाषेने रक्तावर जितका भार टाकला आहे, तितका शरीरातील दुसऱ्या कोणत्याही धातूवर टाकलेला दिसत नाही. नाते सांगावयाचे झाले तर ते रक्ताचे. कष्ट सांगावयाचे झाले तर रक्ताचे पाणी केले असे म्हणावयाचे. आणि मुलगा बापासारखा हट्टी निघाला, तर शेजारीपाजारी 'रक्तातच आहे ते' एवढे बोलून मोकळे होतात. या शेवटच्या वाक्यात एक प्रकारची निरवानिरव आहे. जे रक्तात आहे त्याला इलाज नाही, त्याबद्दल कोणास बोल लावता येत नाही, आणि म्हणून पुढे विचार करण्याचेही कारण उरत नाही, असा त्याचा ध्वनी. स्वभावाच्या बाबतीत हे बोलणे फारसा अपाय करीत नाही. परंतु एखाद्या घरात खरोखरच रक्ताचा आजार पिढीजात उतरलेला असला, तर हेच शब्द शापवाणीसारखे त्या घरावर येऊन बसतात. अशा एका आजाराचा, आणि गेल्या तीसपस्तीस वर्षांत त्याच्याविषयी जे नवे कळून आले आहे त्याचा, विचार आम्ही येथे करणार आहोत.

नोकरीच्या निमित्ताने आमची पुष्कळ वर्षे नागपुरात गेली. त्या बाजूस, म्हणजे नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत, आणि तिकडे सातपुड्याच्या कुशीतील नंदुरबारातही, 'सिकलसेल' हा शब्द दवाखान्यापुरता राहिलेला नाही. तो बाजारात, शाळेत आणि लग्नाच्या बैठकीत ऐकू येतो. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात दोन मुले होती. थोरला मुलगा, आणि त्याच्याहून तीन वर्षांनी लहान मुलगी. आईबाप दोघेही या दोषाचे नुसते वाहक. वाहकास सहसा काहीच होत नाही. तो निरोगी माणसासारखा जगतो. पण दोन्ही वाहकांच्या पोटी जन्मणाऱ्या प्रत्येक अपत्याच्या वाट्यास दोहोंकडून दोष येण्याचा संभव चारांत एक इतका असतो, आणि या घरी तो दोन्ही वेळा खरा झाला. कागदोपत्री बहीणभावांचा रोग एकच होता. प्रत्यक्षात मात्र थोरला शाळेच्या संघातून कबड्डी खेळे. वर्षाकाठी एखाद्या वेळी त्याचे गुडघे दुखत, इतकेच. धाकटीला वर्षातून सहासात वेळा इस्पितळात न्यावे लागे. वेदना सुरू झाल्या, की तिच्या पायांना कोणी पांघरूणही लावू देईना.

एकदा अशा आजारातून उठल्यावर ती आमच्या ओट्यावर ऊन खात बसली होती. वय नऊ वर्षांचे. बराच वेळ गप्प राहून तिने विचारले, "काका, दादाच्या रक्तात पण हेच आहे ना? मग मलाच काहून इतकं दुखते?"

प्रश्न पोराचा होता; पण त्यात या रोगाच्या शास्त्राची शंभर वर्षांची अडचण नेमकी सापडलेली होती. आम्ही वैद्य नव्हे. तरीही त्या प्रश्नाने आम्हांस पुष्कळ वाचावयास लावले, आणि जे हाती आले ते आम्हांला इतके विलक्षण वाटले, की ते वाचकांपुढे मांडल्यावाचून राहवत नाही.

या रोगाची हकीकत वैद्यकाच्या पानांवर प्रथम आली ती अमेरिकेत. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा तरुण दंतवैद्यक शिकण्यासाठी १९०४ साली शिकागो शहरी आला, आणि थोड्याच महिन्यांत खोकला व ताप घेऊन इस्पितळात दाखल झाला. तेथील उमेदवार डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स यांनी त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा वाटोळ्या तबकड्यांच्या जोडीला लांबट, वाकड्या, विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. आयर्न्स यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली ती हकीकत प्रसिद्ध केली. नोएलने शिक्षण पुरे केले, मायदेशी जाऊन व्यवसाय थाटला, आणि १९१६ साली तो वारला. त्याला नेले ते न्यूमोनियाने, म्हणजे फुप्फुसाच्या दाहाने. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे प्रयोजन पुढे येणार आहे.

पुढील पन्नास वर्षांत या रोगाचे मूळ खणून काढण्यात आले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी दाखविले, की रोग्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन हे द्रव्यच निराळे असते. विजेच्या प्रवाहात ते निरोगी हिमोग्लोबिनाहून वेगळ्या गतीने सरकते. एखादा रोग एका रेणूच्या बिघाडापर्यंत पोहोचविण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यानंतर केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६ साली नेमके स्थान दाखवून दिले. हिमोग्लोबिनाच्या बीटा साखळीत १४६ मणी असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाचा मणी असावयाचा, तो न पडता व्हॅलिनचा पडतो. बाकीची माळ जशीच्या तशी. अनुवंशाच्या लिपीत पाहिले तर एका अक्षराचा फरक. काना चुकला आणि अर्थाचा अनर्थ झाला, असा हा प्रकार.

त्या एका मण्याने काय होते? एकेका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनाचे अदमासे सत्तावीस कोटी रेणू असतात. पेशीने शरीराला प्राणवायू दिला, की हे सदोष रेणू एकमेकांस चिकटून ताठ दोर वळतात, आणि त्या दोरांच्या ताणाने लवचीक तबकडी वाकून विळ्यासारखी होते. असली पेशी केसाहून बारीक वाहिन्यांतून सुलभपणे जात नाही. शिवाय ती ठिसूळ असते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा ते वीस दिवसांत फुटते. म्हणून पंडुरोग, म्हणून हाडांत, छातीत, पोटात अकस्मात उठणारी कळ. वाकडी पेशी वाहिनीत अडकली, पाठीमागचा प्रवाह खुंटला, पुढचा भाग उपाशी पडला आणि दुखू लागला. मोरीच्या नळात कचरा अडकावा तितके हे सोपे स्पष्टीकरण. पाठ्यपुस्तकांतून पुष्कळ वर्षे ते तसेच शिकविले गेले.

सोपे स्पष्टीकरण पुष्कळदा खरे असते. पण पुरे असतेच असे नाही. पहिली शंका वेळेची. प्राणवायू सोडल्याबरोबर पेशी त्याच क्षणी वाकत नाही. रेणूंचे दोर वळावयास काही अवधी लागतो. तेवढ्यात बहुतेक पेशी अरुंद वाहिनीतून पार होऊन रुंद शिरेत पोहोचलेल्या असतात. मग त्यांना वाटेत थोपवून धरणारे कोण? दुसरी शंका निमित्ताची. सदोष हिमोग्लोबिन बाराही महिने रक्तात असते. मग कळ मात्र ताप, सर्दी, दगदग, थंडी यांच्या पाठोपाठ का येते? आणि तिसरी शंका आमच्या ओट्यावर बसलेल्या त्या मुलीची.

तिसऱ्या शंकेचे एक जुने उत्तर आहे, आणि ते खोटे नाही. गर्भावस्थेत मुलाच्या रक्तात एक वेगळे हिमोग्लोबिन असते व जन्मानंतर ते हळूहळू ओसरते. ते ज्यांच्यात अधिक टिकते त्यांना हा रोग कमी छळतो. तान्ह्या बाळांना पहिले काही महिने त्रास का होत नाही याचा उलगडा जॅनेट वॉटसन या डॉक्टरबाईंनी १९४८ साली याच दिशेने केला होता. भारतातील रोग्यांत हे गर्भीय हिमोग्लोबिन आफ्रिकी वंशाच्या रोग्यांपेक्षा बहुधा अधिक आढळते. परंतु शेजारच्या बहीणभावांचे दोन्ही तपासणी-कागद आम्ही डोळ्यांनी पाहिले होते, आणि त्यांत या द्रव्याचे प्रमाण जवळजवळ सारखे होते. फरक होता तो दुसऱ्याच एका ओळीत. मुलाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या दर घनमिलिमीटरला नऊदहा हजारांच्या घरात, म्हणजे सर्वसाधारण माणसाइतकी. मुलीची मात्र, ताप नसताना, खेळती असताना, अठरा हजारांच्या आसपास.

येथे दाहाचा विचार आला. दाह ही वस्तू आपल्याला नवी नाही. पायात काटा मोडला, की ती जागा लाल होते, सुजते, तापते आणि ठणकते. ही चार लक्षणे पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने नोंदवून ठेवली आहेत. हा ठणका काट्याचा नव्हे. तो आपल्याच शरीराच्या बंदोबस्ताचा असतो. घुसखोर आला अशी वर्दी लागताच जागच्या पेशी रासायनिक निरोप धाडतात. या निरोपांना इंटरल्युकिन वगैरे निरनिराळी नावे आहेत. ते पोहोचले, की वाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर चिकट आकडे उगवतात, रक्तातून वाहत चाललेल्या पांढऱ्या पेशी त्या आकड्यांना अडकून थांबतात आणि पहाऱ्यावर रुजू होतात. काटा निघाला, जंतू मेले, की हुकूम मागे घेतला जातो व पहारा उठतो. हा दाह नसता तर साध्या खरचटण्यानेही माणूस दगावला असता.

सिकलसेलच्या रोग्यात मात्र हा पहारा उठतच नाही, हे अलीकडच्या संशोधनाने दाखविले आहे. कारण मोठे चमत्कारिक आहे. तांबड्या पेशी अकाली फुटल्या, की त्यांच्या पोटातील हिमोग्लोबिन रक्तद्रवात सांडते, आणि त्यातून हीम नावाचा लोहयुक्त भाग मोकळा होतो. तो गोळा करून नेणारी प्रथिने शरीरात आहेत. पण फुटतूट इतकी अखंड चालते, की ही सफाईची माणसे अपुरी पडतात. उरलेले मोकळे हीम वाहिन्यांच्या अस्तरावरील ज्या संवेदक रेणूस जाऊन भिडते, तो संवेदक मुळात जंतूंच्या कवचाचे तुकडे ओळखण्यासाठी ठेवलेला आहे. अमेरिकेतील मिनेसोटा येथील संशोधकांनी २०१४ साली उंदरांवरील प्रयोगांतून ही गोष्ट दाखविली. म्हणजे बाहेरून कोणी आलेले नसते. घरातलेच भांडे फुटलेले असते. पण पहारेकऱ्यास तो आवाज दरोडेखोराचा वाटतो आणि तो शिंग फुंकतो. असे शिंग दिवसातून एकदा नव्हे, अष्टौप्रहर वाजत राहते. भरीला, सांडलेले हिमोग्लोबिन वाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू गिळून टाकते, त्यामुळे वाटा आणखी आवळतात.

मग वाहिनीत पहिला दगड कोण होऊन बसतो? न्यू यॉर्क येथे पॉल फ्रेनेट आणि त्यांचे सहकारी यांनी या रोगाचे उंदीर घेऊन, त्यांच्या जिवंत वाहिन्यांतील प्रवाह सूक्ष्मदर्शकातून प्रत्यक्ष पाहिला आणि २००२ साली तो वृत्तान्त प्रसिद्ध केला. दाह चेतविल्यानंतर प्रथम पांढऱ्या पेशी बारीक शिरांच्या भिंतीस चिकटल्या. त्यांनी जवळून जाणाऱ्या तांबड्या पेशी पकडून धरल्या. आणि प्रवाह खुंटला. विळ्यांनी वाट अडविली हे खरे, पण विळ्यांना धरून ठेवणारे हात पहारेकऱ्यांचे होते. वेळेची ती पहिली शंका येथे फिटते. वाटेत कोणी धरल्यामुळे पेशीस उशीर होतो, उशीर झाल्यामुळे ती वाकते, आणि वाकल्यामुळे ती आणखी अडकते. आणि ताप किंवा सर्दी हे निमित्त का व्हावे, ही दुसरी शंकाही त्याबरोबरच फिटते. जो पहारा आधीच हातघाईवर आलेला आहे, त्याला खराखुरा जंतू दिसल्यावर तो काय करील, हे सांगावयास नको. कुंपणानेच शेत खाल्ले, असे आपण म्हणतो. येथे ते अक्षरशः घडते.

उंदरांचे ते माणसांचे, असे धरून चालता येत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. पण माणसांचाही पुरावा आहे. अमेरिकेत हजारो रोग्यांवर वर्षानुवर्षे देखरेख ठेवून १९९४ साली एक मोठा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. अकाली मृत्यूची जी पूर्वचिन्हे त्यात सापडली, त्यांत पांढऱ्या पेशींची संख्या पंधरा हजारांवर असणे हे एक होते. दुसरा पुरावा याहून करुण आहे. पांढऱ्या पेशी वाढविण्याचे एक औषध इतर कारणांसाठी दिले जाते. ते सिकलसेलच्या रोग्यांना दिले गेले तेव्हा काहींना अतितीव्र वेदनांचे झटके आले, आणि काही मृत्यूही घडले. तिसरा पुरावा हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचा. १९९५ साली २९९ प्रौढ रोग्यांवरील चाचणीत वेदनांच्या झटक्यांचा मध्यांक वर्षाला साडेचारांवरून अडीचवर आला. औषध द्यावयाचे ते गर्भीय हिमोग्लोबिन वाढावे म्हणून. पण पुढे आकडे तपासता असे दिसले, की ज्यांच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या त्यांना आराम अधिक पडला. औषध एका दारावर उभे केले होते. ते दोन दारे राखीत होते.

शेजारच्या मुलीस पुढे हेच औषध सुरू झाले. दर महिन्यास रक्त तपासावयाचे, मात्रा बेताने वाढवावयाची, असा क्रम तिच्या आईने घड्याळाच्या काट्याप्रमाणे पाळला. वर्षभरात पांढऱ्या पेशी अकरा हजारांवर उतरल्या, आणि इस्पितळाच्या खेपा सातांवरून दोनांवर आल्या. एका मुलीवरून सिद्धान्त बांधता येत नाही. दोघा भावंडांतील सगळा फरक दाहाचाच होता, असेही आम्ही म्हणणार नाही. शरीरात इतरही अनेक गुणदोष उतरतात. परंतु 'दादाच्या रक्तात पण हेच आहे ना?' या प्रश्नाचे एक उत्तर आता देता येते. बाळ, अक्षर तेच आहे. पण तुझ्या घरचे पहारेकरी अधिक जागे आहेत.

येथे उतावळा वाचक म्हणेल, की मग पहाराच उठवून टाकावा! वैद्यकासही हा मोह पडलेला आहे. दाह दडपणारी स्टेरॉइड जातीची औषधे सर्वांच्या परिचयाची. १९९४ साली एका चाचणीत ती मुलांना वेदनेच्या झटक्यात मोठ्या मात्रेत दिली गेली. कळ लवकर थांबली. पण औषध थांबताच अनेकांस ती पुन्हा उठली. त्यानंतर अस्तरावरील चिकट आकड्यांपैकी नेमका एक बांधून टाकणारे क्रिझान्लिझुमॅब नावाचे औषध निघाले, आणि २०१९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पहिल्या चाचणीत झटके सुमारे निम्म्यावर आले होते. पुढच्या मोठ्या चाचणीत मात्र तो गुण दिसून आला नाही, आणि २०२३ साली युरोपाने दिलेली मान्यता काढून घेतली. दाहाचा आणखी एक निरोप अडविणाऱ्या दुसऱ्या औषधाने रक्तातील दाहाच्या खुणा कमी केल्या, पण ठरविलेल्या मापाने वेदना कमी झाल्या असे सिद्ध झाले नाही. एक दूत अडविला तर दुसरा निघतो. एक आकडा मोडला तर बाजूचा धरतो. हे जाळे मोठे आहे.

आणि ते सगळेच तोडून टाकणे परवडणारेही नाही. या रोगात रक्त गाळणारी पाणथरी लहानपणीच, पुष्कळदा पाचसहा वर्षांच्या आत, निकामी होते, आणि मग न्यूमोनियाच्या जंतूपुढे मूल उघडे पडते. लहान मुलांना रोज दोन वेळा पेनिसिलिन दिले तर या जंतूंची रक्तातील बाधा ८४ टक्क्यांनी कमी होते, असे १९८६ सालच्या अमेरिकेतील चाचणीने दाखविले. निष्कर्ष इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीपूर्वीच थांबवून सर्व मुलांना औषध देण्यात आले. नोएलचे मरण येथे आठवते. ज्या शरीरात पहारेकऱ्यांचा अतिरेक, त्याच शरीरात खऱ्या शत्रूपुढे तटाला खिंडार! राखणदार दंगा करतो म्हणून त्याला हाकलून द्यावे, तर चोर टपलेलाच आहे. म्हणून शहाणपण पहारा मोडण्यात नाही. खोटी वर्दी कमी करण्यात आहे.

हा न्याय या एकाच रोगास लागू आहे असे नाही. ग्वीडो फॅन्कोनी या स्विस बालवैद्याने १९२७ साली वर्णन केलेल्या, त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंडुरोगात अस्थिमज्जेतील मूळ पेशींना जनुकांची दुरुस्ती नीट जमत नाही. तो दोष जन्मजात. पण प्रयोगशाळेत असे आढळले आहे, की दाहाचे जे निरोप निरोगी पेशी सहन करते, त्यांनी या पेशी लौकर मरतात. तेथेही वारशाने आलेली ठिणगी आणि दाहाचा वारा, अशी जोडी दिसते.

शास्त्राचा हा भाग येथे आवरता घेऊन, ज्या गोष्टीसाठी आम्ही लेखणी उचलली तिच्याकडे वळतो. या रोगाची वेदना दिसत नाही. हाड मोडलेले नसते, जखम नसते, क्ष-किरणांच्या छायाचित्रात पुष्कळदा काही आढळत नाही. एकदा रात्री त्या मुलीस घेऊन तिची आई एका इस्पितळात गेली, तेव्हा आम्ही सोबतीस होतो. मुलगी कण्हत होती. कामावरच्या गृहस्थांनी तिचे डोळे पाहिले, नाडी पाहिली, आणि आईस म्हणाले, "बाई, दर महिन्याला येता. पोरीला सवय लागली आहे. नाटक करते ती." आई काही बोलली नाही. तिने मुलीचे पाय आपल्या मांडीवर घेतले आणि पहाटेपर्यंत ती तशीच बसून राहिली. ते गृहस्थ दुष्ट नव्हते. पण त्यांच्या मनात रोगाचे चित्र नळातल्या कचऱ्याचे होते. नळ तुंबलेला दिसेना, तेव्हा वेदनाही त्यांना दिसेना. दाहाचे शास्त्र आम्हांस महत्त्वाचे वाटते ते प्रथम या कारणाने. ते सांगते, की दोन झटक्यांच्या मधल्या काळातही हे शरीर शांत नसते. राखेखाली निखारा असतो. अखंड दाहाने नसाही हळव्या होतात, आणि मग थोड्या कारणाची कळ मोठी उठते. या मुलीचे रडणे हे तिच्या रक्तातील घडामोडींचे यथातथ्य निवेदन होते. त्यावर विश्वास ठेवणे हा उपचाराचाच पहिला भाग होय.

दुसरे कारण त्या निरवानिरवीचे. 'रक्तातच आहे' असे म्हणून घरेच्या घरे हात टेकून बसलेली आम्ही पाहिली आहेत. दोष आईकडचा की बापाकडचा, यावर सासरमाहेरात वाद होतात. वाहक मुलींची स्थळे मोडतात. आणि आजारी मुलास पाणी, पांघरूण व वेळेवर औषध देण्याचे साधे काम राहून जाते. वारसा म्हणजे ते एक अक्षर. ते बदलता येत नाही असे आजवर वाटे. आता तेही अगदी खरे राहिलेले नाही. रोग्याच्या मूळ पेशी बाहेर काढून, त्यांच्या जनुकांत फेरफार करून, गर्भीय हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करण्याच्या उपचारास २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठेवण्यात आली. धडगाव किंवा भामरागडच्या मुलास ती किंमत म्हणजे चंद्राची पायरी. पण वणवा केवळ ठिणगीने पेटत नाही. त्याला वाळले गवत आणि वारा लागतो. ताप अंगावर न काढणे, पाणी भरपूर पिणे, थंडीत व भर उन्हात जिवाचा आटापिटा न करणे, लशी वेळेवर टोचून घेणे, लहान वयात पेनिसिलिन आणि सांगितल्यास हायड्रॉक्सीयुरिया नेमाने घेणे, हे सारे गवत कापण्याचे काम होय. त्याला फारसा पैसा लागत नाही. नेम लागतो, आणि जवळ दवाखाना लागतो.

या कामाची निकड आपल्याकडे उशिरा पटली. १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत या दोषाची नोंद झाली. १९५८ साली मध्य भारतातील आढळाविषयी नागपूरच्या डॉक्टरांचा लेख इंग्लंडातील प्रसिद्ध वैद्यकीय पत्रात आला. पण हा रोग देशव्यापी मोहिमेचा विषय झाला तो १ जुलै २०२३ रोजी, मध्य प्रदेशातील शहडोल येथे. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत रोगाचे निर्मूलन, असा तिचा संकल्प आहे. संकल्प स्तुत्य आहे. परंतु रक्त तपासून हातात कागद दिला म्हणजे काम झाले, असे मात्र होऊ नये. कागद अक्षर सांगतो. निखाऱ्याची खबर घ्यावयाची तर त्या मुलाच्या दारी पुनःपुन्हा जावे लागते.

शेवटी एक गोष्ट सांगून पुरे करतो. हे सदोष अक्षर आपल्या पूर्वजांच्या रक्तात टिकले तरी का? अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील मुलांवरून दाखविले, की ज्याच्याकडे या दोषाची एकच प्रत असते, म्हणजे जो वाहक असतो, त्याला प्राणघातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. हिवतापाच्या अरण्यात ज्यांच्याकडे हे अक्षर होते ते वाचले आणि त्यांचा वंश वाढला. गडचिरोलीच्या जंगलात हिवताप आजही आहे. तेव्हा ज्याला आपण शाप म्हणतो तो मुळात एक राखणदार होता, आणि जो दाह आज या मुलांना जाळतो तोही राखणदारच आहे. दोघेही कोणे एके काळी जीव वाचविण्यासाठी ठेवलेले. एकाच घरात समोरासमोर आले आणि त्यांच्या झटापटीत घरधन्याचे हाल झाले. हे समजल्यावर कुळाला दोष देण्याचे कारण उरत नाही, आणि हात टेकून बसण्याचेही उरत नाही. पूर्वजांनी आपल्या परीने आपले रक्षण केले. आता त्या दोन राखणदारांची समजूत घालण्याचे काम आपल्याकडे आले आहे, आणि ते दुखणाऱ्या मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवण्यापासून सुरू होते.